मेनफ्रेमवरची चिनी नावं युनिकोडमध्ये नेताना

बऱ्याच वर्षांचा ग्राहकांचा डेटा, नावं आणि पत्ते चिनी लिपीत, सगळा मेनफ्रेमच्या झेड ओएस ह्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, डीबीटू ह्या डेटाबेसमध्ये, आणि सगळा जुन्या एबसिडिकमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या आयबीएमच्या पद्धतीत. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या एकाच तक्त्यात, न्यायचं काम आमच्या टीमकडे आलं. ह्या विषयावर मराठीत कोणी काही लिहिलेलं मला मिळालं नाही, म्हणून जे बघितलं ते सविस्तर लिहून ठेवतेय, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी हे काम निघालंच का ते सांगते. चीनमध्ये १९८० साली अक्षरांना नंबर देणारं जीबी २३१२ नावाचं स्टँडर्ड आलं, त्यात ६,७६३ चिनी अक्षरं होती. रोजच्या मजकुराला पुरेशी, पण माणसांच्या नावांना नाही. प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९८ ते २००३ पर्यंत चीनचे पंतप्रधान असलेले झू रोंगजी, त्यांच्या नावातलं मधलं अक्षरच जीबी २३१२ मध्ये नव्हतं. पंतप्रधानांची ही गत, तर एखाद्या खेड्यातल्या आजोबांनी जुन्या पोथीतून शोधून नातवाला ठेवलेल्या नावाचं काय होत असेल बघा. पुढे जीबीके आलं, मग जीबी १८०३०, आणि त्याची २०२२ ची आवृत्ती १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली, त्यात ८७,८८७ चिनी अक्षरं आहेत. आता मेनफ्रेमवरचं जुनं डबल-बाइट एबसिडिक घ्या, म्हणजे एका अक्षराला दोन बाइट. प्रत्येक बाइट हेक्स, म्हणजे सोळावर आधारलेल्या अंकलेखनात, ४१ ते एफई मध्ये असावा लागतो, म्हणजे १९० गुणिले १९०, जास्तीत जास्त ३६,१०० जागा. कितीही ओढूनताणून बसवलं तरी मावणार नाही. म्हणून युनिकोड.

जुना मजकूर कसा साठवलेला असतो ते माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं त्याबद्दल. एबसिडिक मुळात १९६४ च्या सिस्टीम ३६० सोबत आलेलं, एक अक्षर एक बाइट. चिनीसाठी त्यातच सोय केली, मजकुरात हेक्स ०ई हा बाइट आला की इथून पुढे दोन-दोन बाइटचं एक अक्षर वाचायचं, आणि ०एफ आला की परत एक-एक बाइटवर यायचं. पहिल्याला शिफ्ट-आउट म्हणतात, दुसऱ्याला शिफ्ट-इन. म्हणजे तीन अक्षरी चिनी नाव आठ बाइट घेतं, सहा अक्षरांचे आणि दोन ह्या राखणदारांचे. तेच नाव यूटीएफ-८ मध्ये नऊ बाइट आणि यूटीएफ-१६ मध्ये सहा, ही युनिकोड साठवायची दोन रूपं. हे आकडे काम संपेपर्यंत आम्हाला झोपेतही आठवत होते.

कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर ह्या तक्त्याला कोडपेज म्हणतात, आणि एक-एक व दोन-दोन बाइटची अक्षरं एकत्र असली की ते मिक्स्ड. सोप्या केलेल्या म्हणजे सिम्प्लिफाइड चिनीचं जुनं मिक्स्ड कोडपेज ९३५, जीबीकेची अक्षरं सामावणारं त्याच्यानंतरचं १३८८, तैवान-हाँगकाँगकडच्या पारंपरिक चिनीचं ९३७. युनिकोडच्या बाजूला यूटीएफ-८ चा नंबर १२०८ आणि यूटीएफ-१६ चा १२००. ह्या नंबरांना सीसीएसआयडी म्हणतात आणि डीबीटू प्रत्येक कॉलमला असा एक नंबर चिकटवून ठेवतं. त्या नंबरवर विसंबूनच ते मजकूर एका रूपातून दुसऱ्यात बदलतं.

आणि नेमकी तिथेच पहिली मोठी अडचण आली.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे डीबीटूच्या स्वतःच्या नोंदवहीत, बघितलं तर नावाच्या कॉलमचा सीसीएसआयडी ३७. म्हणजे अमेरिकन इंग्रजी. सिस्टीम उभी करताना मिक्स्ड नो असं ठेवून दिलेलं, आणि डीबीटूला कधीच कोणी सांगितलं नव्हतं की ह्या कॉलममध्ये चिनी आहे. मग इतकी वर्षं चाललं कसं? कारण ब्रँचमधल्या टर्मिनल एम्युलेटरवर, म्हणजे पीसीवर मेनफ्रेमची स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, ९३५ सेट केलेलं होतं, तो चिनी टाइप केलेलं बाइटमध्ये बदलायचा, डीबीटू ते बाइट जसेच्या तसे ठेवायचं, परत मागितले की तसेच द्यायचं, आणि एम्युलेटर परत चिनी दाखवायचा. मधल्या कोणाला काही समजायची गरजच पडली नाही. पण ज्या क्षणी तुम्ही डीबीटूला म्हणता की हा कॉलम युनिकोडमध्ये कन्व्हर्ट कर, त्या क्षणी ते ३७ वर विश्वास ठेवून प्रत्येक बाइटचं एकेक लॅटिन अक्षर करतं. चिनीतला ‘एक’ हा आकडा, उच्चार ‘यी’, ९३५ मध्ये हेक्स ५९बीए आहे. ३७ च्या हिशोबाने ५९ म्हणजे जर्मन एस्झेट आणि बीए म्हणजे चौकोनी कंस. एरर येत नाही, जॉब शून्य रिटर्न कोडने, म्हणजे सगळं ठीक असं सांगून, संपतो, आणि टेबलमध्ये कचरा भरलेला असतो. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकारात सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच, की मशीन आनंदाने चुकीचं काम पूर्ण करतं आणि कुणाला काही सांगत नाही.

तर सरळ अनलोड-लोड, म्हणजे जुन्या टेबलमधून काढून नव्यात भरणं, हा रस्ता बंद झाला. मग असं ठरवलं की डीबीटूला कन्व्हर्जन करूच द्यायचं नाही. कॉलम फॉर बिट डेटा म्हणून बाहेर काढायचा, म्हणजे नुसते बाइट, आणि रूपांतर आमच्या कोबोल भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये करायचं. एंटरप्राइझ कोबोलमध्ये नॅशनल-ऑफ नावाचं फंक्शन आहे, त्याला फील्ड द्यायचं आणि शेजारी सीसीएसआयडी द्यायचा, ते यूटीएफ-१६ देतं. आतून हे काम झेड ओएसच्या युनिकोड सर्व्हिसेस करतात. इथे नंबर आपण सांगतोय, कॅटलॉग नाही, हा सगळा फरक.

पण ९३५ द्यायचा की १३८८? काही ब्रँचेसनी मधल्या काळात एम्युलेटर १३८८ वर नेले होते, काहींनी नव्हते, आणि कुठल्या रेकॉर्डला काय लावलं होतं याची कुठेही नोंद नाही. नेहमीची अक्षरं दोन्हीत त्याच जागी आहेत म्हणून आम्ही १३८८ धरून चाललो, आणि प्रत्येक रेकॉर्डवर उलटसुलट तपासणी लावली, म्हणजे जुन्यावरून युनिकोड करायचं, युनिकोडवरून परत जुनं करायचं, आणि मूळ बाइटशी जुळतंय का बघायचं. जुळलं तर पुढे, नाही जुळलं तर वेगळ्या फाइलमध्ये. ही तपासणी कोणी वेळखाऊ म्हणून टाळायला सांगितलं तर ऐकू नका, अख्ख्या कामात हिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नव्हतं.

त्या वेगळ्या फाइलमध्ये काय काय सापडलं ते बघण्यासारखं आहे. काही ठिकाणी शिफ्ट-इन आणि लगेच शिफ्ट-आउट, कारण कुठल्यातरी प्रोग्रॅमने आडनाव आणि नाव स्ट्रिंग करून जोडलं होतं, मजकूर बरोबर पण मधे दोन फालतू बाइट. काही ठिकाणी शिफ्ट-आउट शिफ्ट-इन आणि आत काहीच नाही. हे दोन्ही निरुपद्रवी. खरं दुःख होतं ते तुटलेल्या पत्त्यांचं. फील्ड ३० बाइटचं, पत्ता त्याहून लांब, कोणत्यातरी मूव्हने, म्हणजे मजकूर एका फील्डातून दुसऱ्यात टाकणाऱ्या आदेशाने, ३० वर कापला, त्यात शेवटचा शिफ्ट-इन गेला आणि कधीकधी शेवटच्या अक्षराच्या दोनपैकी एक बाइटही गेला. अशा ओळीला शिफ्ट-आउट आहे पण शिफ्ट-इन नाही. तिथे प्रोग्रॅमनेच सुरुवातीपासून दोन-दोन बाइट मोजत जायचं, शेवटचं पूर्ण अक्षर राखायचं, उरलेला अर्धा सोडायचा, शिफ्ट-इन लावायचा आणि त्या रेकॉर्डवर खूण करायची की पत्ता ग्राहकाकडून परत घ्या. दोनपैकी एकाच बाइटवरून अक्षर ओळखायचा कोणताही मार्ग नाही.

आणखी एक प्रकार होता जो मी आधी फक्त मॅन्युअलमध्ये वाचला होता. डबल-बाइट अक्षराचा एखादा बाइट हेक्स ६बी असू शकतो, आणि एबसिडिकमध्ये ६बी म्हणजे स्वल्पविराम. कुठल्यातरी जुन्या इंटरफेस प्रोग्रॅममध्ये स्वल्पविरामावर अनस्ट्रिंग, म्हणजे मजकूर तोडायचा आदेश, होतं, त्याने बिचाऱ्या चिनी अक्षराच्या मधोमध नाव तोडून दोन कॉलममध्ये टाकलं होतं. यूटीएफ-८ मध्ये हे होऊच शकत नाही, तिथे साध्या इंग्रजी चिन्हांचे बाइट मोठ्या अक्षरांच्या आत कधीच येत नाहीत, हा त्याचा फार मोठा गुण आहे आणि त्याचं महत्त्व असं काही बघितल्यावरच पटतं.

मग ती स्वतः बनवलेली अक्षरं. ९३५ मध्ये १,८८० जागा वापरणाऱ्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या असतात. स्टँडर्डमध्ये नसलेलं अक्षर कोणाच्या नावात आलं की त्या संस्थेतला माणूस फाँट एडिटरमध्ये ठिपक्या-ठिपक्यांनी ते अक्षर काढायचा आणि त्याला एक रिकामी जागा द्यायचा. मला ह्या लोकांबद्दल खरंच आदर वाटतो, कारण त्यांनी ग्राहकाला ‘तुमचं नाव आमच्याकडे नाही, मिळतंजुळतं लिहितो’ असं सांगितलं नाही. पण कन्व्हर्जनमध्ये ही अक्षरं युनिकोडच्या प्रायव्हेट यूज भागात जातात, ई०००पासून पुढे, आणि तिथल्या नंबराला बाहेरच्या जगात काही अर्थ नाही, दुसऱ्या मशीनवर रिकामा चौकोन दिसणार. ह्यातल्या बहुतेक अक्षरांना आता युनिकोडमध्ये स्वतःचा खरा नंबर आहे, काही २००१ साली युनिकोड ३.१ सोबत आलेल्या एक्स्टेंशन बी मध्ये. पण कुठलं ते मशीन सांगू शकत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं.

म्हणून चिनी बाजूच्या टीममधल्या एक बाई आमच्यासोबत बसल्या. जुना फाँट मोठा करून एकेक अक्षर स्क्रीनवर आणायचं, त्या बघायच्या, घटक सांगायच्या, डावीकडे धातूचा भाग, उजवीकडे हे, आणि मग युनिकोडच्या तक्त्यात शोधून नंबर ठरवायचा. दोन अक्षरं सारखी दिसली तरी त्या सहज हो म्हणायच्या नाहीत, मूळ अर्ज मागवायच्या, ओळखपत्रावर काय आहे ते बघायच्या. एकदा मी विचारलं की ह्या दोनांत फक्त एका रेघेचा फरक आहे, एकच धरलं तर चालणार नाही का. त्या म्हणाल्या, ओळखपत्रावर एक आणि खात्यावर दुसरं असेल तर त्या माणसाला पैसे काढता येणार नाहीत. त्यानंतर मी तसं कधी विचारलं नाही. अशी मॅपिंगची यादी तयार झाली आणि ती कोडमध्ये न ठेवता टेबलमध्ये ठेवली, म्हणजे पुढे बदल लागला तर प्रोग्रॅमला हात लावायला नको.

आता नवं घर कसं बांधलं ते. डीबीटूमध्ये युनिकोड टेबल केलं की व्हारचार कॉलम यूटीएफ-८ मध्ये असतो आणि व्हारग्राफिक कॉलम यूटीएफ-१६ मध्ये. आमच्यात यावर बरीच चर्चा झाली. यूटीएफ-८ मध्ये नेहमीचं चिनी अक्षर तीन बाइट, यूटीएफ-१६ मध्ये दोन. पण जागा हा मुद्दा मला दुय्यम वाटतो, खरा मुद्दा कोबोल. कोबोलचं पिक्चर एन यूसेज नॅशनल हे यूटीएफ-१६ च असतं, तेही बिग-एंडियन म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी, त्यामुळे व्हारग्राफिक कॉलम आणि प्रोग्रॅममधलं फील्ड ह्यांच्यात काही बदलावंच लागत नाही. नावं आणि पत्ते आम्ही व्हारग्राफिक केले, बाहेरच्या सिस्टीमना जेएसओएन ह्या रूपात जाणारा मजकूर व्हारचार. कंपायलरच्या सहा पॉइंट तीन आवृत्तीपासून यूटीएफ-८ साठी पिक्चर यू पण आलंय, पण आमचे सगळे जुने प्रोग्रॅम नॅशनलला जवळचे होते. एक सल्ला, कॉपीबुकमध्ये, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या फील्डच्या सामाईक यादीत, नुसतं पिक्चर एन लिहून सोडू नका, यूसेज नॅशनल स्पष्ट लिहा, कारण एनसिम्बॉल ह्या कंपायलर ऑप्शनवर त्याचा अर्थ बदलतो आणि तेच कॉपीबुक दुसऱ्या ठिकाणी डबल-बाइट एबसिडिक म्हणून कंपाइल होऊ शकतं.

आणि यूटीएफ-१६ म्हणजे एक अक्षर दोन बाइट असं डोक्यात पक्कं करून बसू नका. एक्स्टेंशन बी मधली अक्षरं चार बाइट घेतात, दोन तुकडे मिळून एक अक्षर. रेफरन्स मॉडिफिकेशनने, म्हणजे जागा मोजून फील्डचा भाग उचलून, पहिले दहा काढले तर दहावा तुकडा अर्ध्या अक्षराचा असू शकतो, म्हणजे जुन्या कापलेल्या पत्त्याचाच आजार नव्या रूपात. त्यासाठी कोबोलमध्ये यूलेंग्थ, यूसबस्ट्र अशी फंक्शन आहेत, ती अक्षरं मोजतात. डीबीटूमध्ये कॅरॅक्टर लेंग्थला कोडयुनिट्स३२ द्यायचं. टेस्ट डेटामध्ये अशी चार बाइटवाली नावं मुद्दाम घाला, नाहीतर सगळं टेस्टिंग हिरवं दिसेल आणि पहिलाच असा ग्राहक आला की फुटेल.

रिकाम्या जागेचं पण बघावं लागलं. ग्राफिक फील्डमधली जुनी स्पेस ४०४० असते, ती युनिकोडमध्ये ३००० होते, म्हणजे रुंद चिनी स्पेस. साधी स्पेस ००२०. दोन्ही डोळ्याला रिकाम्या, पण तुलनेत वेगळ्या, त्यामुळे एकच माणूस दोनदा दिसायला लागला. शेवटच्या ३००० काढून टाकल्या, मधल्या ठेवल्या, आणि सर्चच्या आधी दोन्ही एक करणारी पायरी लावली.

सॉर्टिंगबद्दल मात्र आधी कोणीच विचार केला नव्हता. जीबी २३१२ मधली पहिली ३,७५५ अक्षरं पिनयिनच्या म्हणजे उच्चाराच्या क्रमाने लावलेली आहेत, आणि ९३५ मध्ये तोच क्रम उतरलाय. त्यामुळे डीएफसॉर्ट ह्या सॉर्टच्या प्रोग्रॅमने नुसते बाइट सॉर्ट केले तरी यादी आपोआप उच्चाराप्रमाणे यायची. युनिकोडमध्ये अक्षरं मूळ घटक आणि रेघा ह्या क्रमाने आहेत. परिणाम असा की डिंग आणि वान ही आडनावं शेजारी-शेजारी आली, दोन्हीत तो ‘एक’वाला घटक आहे म्हणून, आणि चन जे पूर्वी सुरुवातीला असायचं ते ली, वांग, झांग सगळ्यांच्या खाली गेलं. ब्रँचवाल्यांना यादी मोडलेली वाटणार हे उघड होतं. डीबीटूमध्ये कोलेशन की नावाचं फंक्शन आहे ते चिनीसाठी लावून तयार झालेली की वेगळ्या कॉलममध्ये ठेवली आणि रिपोर्ट त्यावर सॉर्ट केले. तरी एक आडनाव उरलं, ते अक्षर एरवी डान वाचतात पण आडनाव म्हणून शान. जुन्या यादीतही ते डानमध्येच यायचं, त्या बाईंनीच सांगितलं की राहू द्या, लोकांना ते तिथे शोधायची सवय आहे.

फाइल पाठवायच्या एफटीपीचं फार सांगण्यासारखं नाही, मल्टीबाइट एन्कोडिंग आणि दोन्ही बाजूंची कोडपेज साइट कमांडमध्ये स्पष्ट द्या. सिस्टीममध्ये मेसेज पाठवणाऱ्या एमक्यूच्या मेसेज हेडरमध्येही सीसीएसआयडी असतो, तो १२०८ केला, आधी तोही ३७ च होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टेबल युनिकोड झालं तरी ३२७० ह्या जुन्या टर्मिनलचे हिरवे स्क्रीन राहिलेच, ते एका रात्रीत जात नाहीत, आणि त्यांना अजूनही डबल-बाइट एबसिडिकच लागतं. म्हणजे टेबलमधून नाव काढायचं, १३८८ मध्ये बदलायचं, दाखवायचं. ज्या अक्षराला १३८८ मध्ये जागा नाही त्याच्या ठिकाणी सब्स्टिट्यूशन कॅरॅक्टर येतं, डबल-बाइटमध्ये हेक्स एफईएफई. दिसायला वाईट, पण नुकसान नाही. नुकसान पुढे आहे. क्लार्क त्या ग्राहकाचा फोन नंबर बदलतो, एंटर मारतो, आणि जुना प्रोग्रॅम स्क्रीनवरून पूर्ण रेकॉर्ड उचलून अपडेट करतो, नावासकट. म्हणजे इतक्या मेहनतीने जागेवर आणलेलं नाव एका फोन नंबरापायी पुसलं जाणार, आणि ह्या वेळी परत आणायला मूळ बाइटही नसणार. हे लक्षात आल्यावर गो-लाइव्ह पुढे ढकला असं मी मीटिंगमध्ये स्पष्ट म्हटलं, आणि ते ढकललं गेलं.

उपाय असा केला की स्क्रीनवर पाठवण्याआधी नाव तिकडे-इकडे फिरवून बघायचं, जसंच्या तसं परत आलं तर ठीक, नाही आलं तर ते फील्ड प्रोटेक्टेड करायचं, शेजारी खूण दाखवायची की हे नाव नवीन स्क्रीनवरच बदलता येईल. आणि अपडेटमध्ये फक्त खरोखर बदललेले कॉलम घ्यायचे. सगळे सीआयसीएस, म्हणजे हे स्क्रीन चालवणारे, प्रोग्रॅम शोधून हे करायला मायग्रेशनपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो लागू द्यावा हेच माझं मत आहे. शिवाय टेबलवर ट्रिगर, म्हणजे बदल होताना आपोआप चालणारी तपासणी, ठेवला, नावात सब्स्टिट्यूशन कॅरॅक्टर, म्हणजे युनिकोडचं एफएफएफडी, येत असेल तर अपडेट नाकारायचं.

जुने बिट डेटाचे अनलोड आम्ही टाकले नाहीत. मॅपिंग टेबल आणि न जुळलेल्यांची फाइल यांच्यासोबत ते टेपवर आहेत, आणि काही अक्षरांचे नंबर ठरायचे अजून बाकी आहेत, त्यांचे मूळ अर्ज ब्रँचकडून येतील तसे त्या बाई बघतात आणि टेबलमध्ये एकेक ओळ वाढते.